प्रोस्टेट एमआरआय आणि पॅथॉलॉजी स्लाइडची जुळवणी: डाइस ०.९६ येतो, पण गाठ भलत्याच जागी पडते

छेद_आणि_छाया

नमस्कार मंडळी. रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी (कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट ग्रंथी काढणं) झालेल्या पेशंटांचे ऑपरेशनआधीचे एमआरआय आणि काढलेल्या ग्रंथीच्या एच अँड ई स्लाइड (गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेले टिश्यूचे पातळ काप) एकमेकांवर बसवायच्या आहेत. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर आखलेली कॅन्सरची हद्द एमआरआयवर उतरवायची आणि त्यावरून पुढे मॉडेल शिकवायचं, असा बेत आहे. म्हणजे हद्द चार-पाच मिलिमीटर सरकली तर मॉडेल चांगल्या टिश्यूलाच कॅन्सर म्हणायला शिकणार.

सध्या असं चाललंय: ३ टेस्ला, टी२ अक्षीय (आडव्या छेदांच्या टी२ प्रकारच्या प्रतिमा), स्लाइस ३ मिमी, गॅप नाही, पिक्सेल ०.४ मिमी. ग्रंथी फॉर्मॅलिनमध्ये साधारण २४ तास, मग हातानेच ४ मिमीच्या चकत्या, प्रत्येक चकतीचे चार तुकडे नेहमीच्या कॅसेटमध्ये. स्लाइड २०एक्सवर स्कॅन करून जेपेगमध्ये काढतो आणि चार तुकडे हाताने जोडतो. पुढे इलॅस्टिक्स या जुळवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी अफाइन (पूर्ण प्रतिमा सरकवणं, फिरवणं, ताणणं), नंतर बी-स्प्लाइन (ग्रिडच्या बिंदूंनी जागोजागी वाकवणं). मेट्रिक, म्हणजे जुळणीचं माप, म्यूच्युअल इन्फर्मेशन (दोन प्रतिमांच्या तीव्रतांचं सांख्यिकी नातं), ग्रिड ५ मिमी.

बाह्यरेषेचा डाइस (दोन आकार किती एकमेकांवर पडतात याचं माप, पूर्ण जुळले तर १) ०.९६ येतो. पण मूत्रमार्गाचं केंद्र ५-६ मिमी बाजूला असतं, आणि एका केसमध्ये पेरिफेरल झोनमधली (ग्रंथीचा मागचा-बाहेरचा भाग) गाठ एमआरआयवर सरळ ट्रान्झिशन झोनमध्ये (मूत्रमार्गाभोवतीचा आतला भाग) जाऊन बसली.

कुठली चकती कुठल्या स्लाइसची हे खात्रीने कसं ठरवायचं? आकसण्यासाठी कुठला गुणक धरायचा? म्यूच्युअल इन्फर्मेशन इथे चालतच नाही का? आणि ग्रंथी कापायला थ्रीडी प्रिंटचा साचा खरंच लागतो का?

---

ग्रॉसिंग_टेबल

तुमची निम्म्याहून जास्त चूक कॉम्प्युटरवर येण्याआधीच, ग्रॉसिंगच्या (काढलेली ग्रंथी मोजून कापण्याच्या) टेबलावर झालेली आहे. बी-स्प्लाइन ती झाकतो, दुरुस्त करत नाही.

आधी फिक्सेशन, म्हणजे फॉर्मॅलिनने टिश्यू टिकवून टणक करणं. ४५ मिमी रुंद ग्रंथीत फॉर्मॅलिनला मध्यापर्यंत २२ मिमी जायचं असतं, आणि आत शिरण्याचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर दुप्पट, वेळ चौपट. मोठ्या ग्रंथीला २४ तास दिले तर बाहेरचा भाग टणक आणि मधला गुलाबी, लिबलिबीत राहतो. अशी ग्रंथी सुरीखाली मध्यभागी दबते आणि चकती पाचरीसारखी निघते: कडेला ४ मिमी, मध्ये ३, दुसऱ्या टोकाला ५. ४८ तास द्या. फॉर्मॅलिन टिश्यूच्या दहापट तरी हवं, आणि ग्रंथी डब्याच्या तळाला चिकटून राहता कामा नये. तळाला टेकली की मागची बाजू सपाट होऊन तशीच टणक होते, आणि तो सपाटपणा पुढे एमआरआयमध्ये कुठेच सापडत नाही. खाली कापसाचा किंवा गॉजचा थर द्यावा.

शाई फिक्सेशनच्या आधी लावा. उजवीकडे एक रंग, डावीकडे दुसरा, पुढच्या बाजूला तिसरा. मार्जिनसाठी (कापलेल्या कडेवर कॅन्सर आहे का बघायला) लॅब दोन रंग लावतेच. तिसरा रंग तुमच्या जुळवणीसाठी मागून घ्या, कारण त्याने चकती स्वतःभोवती किती फिरली ते कळतं.

आता कापायची दिशा. चकत्या रेक्टमकडच्या पृष्ठभागाला काटकोनात हव्यात. हाताने कापताना १० अंशांचा कल सहज येतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. ग्रंथीची पुढून मागे जाडी ४० मिमी धरली तर १० अंशांच्या कलाने पुढची आणि मागची कड यांच्या पातळीत ७ मिमीचा फरक पडतो. ३ मिमीच्या स्लाइसमध्ये हे दोन स्लाइसपेक्षा जास्त झालं. म्हणजे तुमच्या एका स्लाइडचा पुढचा भाग एमआरआयच्या नवव्या स्लाइसमधला आणि मागचा भाग अकराव्या स्लाइसमधला. द्विमितीय जुळवणीत याला उत्तर नाही, कितीही ग्रिड बारीक करा.

एपेक्स (ग्रंथीचं खालचं टोक) आणि बेस (मूत्राशयाकडचं वरचं टोक) वेगळे कापून उभे छेद घेतले जातात, मार्जिन बघण्यासाठी ते आवश्यकच आहे. त्यामुळे टोकाचे ते दोन्ही भाग आडव्या छेदांच्या रांगेत धरू नका. पण त्यांची जाडी मोजून लिहून ठेवा, नाहीतर पहिल्या चकतीची खोली कळणार नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे फोटो. सगळ्या चकत्या कापल्या की एकाच दिशेने, एपेक्सकडची बाजू वर ठेवून, ओळीने मांडायच्या, बाजूला मिलिमीटर पट्टी ठेवायची, कॅमेरा स्टँडवर बरोबर वरून. मग प्रत्येक चकती उलटून दुसऱ्या बाजूचाही फोटो. चार तुकडे करायच्या आधी एक, केल्यानंतर एक. हा फोटो स्लाइड आणि एमआरआय यांच्या मधला पूल आहे. स्लाइडचे तुकडे आधी फोटोवर बसवा, फोटो एमआरआयवर. तुकडे एकमेकांना नुसते कडांनी जोडता तेव्हा मधल्या कापाची जागा गायब होते. ब्लॉक फेस करताना (पॅराफिनच्या ठोकळ्याचा वरचा थर तासून टिश्यू उघडा करताना) कडा झिजतात, सेक्शन (पातळ काप) वॉटर बाथच्या कोमट पाण्यावर पसरतो, आणि जोडलेली चकती मध्यभागी आक्रसून येते. तुमचा मूत्रमार्ग नेमका त्याच कापांच्या फुलीवर आहे. ५-६ मिमीची चूक तिथेच दिसावी यात नवल नाही.

शेवटचं, एम्बेडिंग, म्हणजे टिश्यू पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवणं. चकतीची कुठली बाजू खाली गेली हे दरवेळी ठरलेलं असू द्या, कारण खाली गेलेलीच बाजू पहिली कापली जाते. एमआरआय पायाकडून वर पाहिल्यासारखा दाखवतात, पेशंटचा उजवा हात पडद्याच्या डावीकडे. एपेक्सकडची बाजू खाली ठेवली तर स्लाइड त्याच नजरेने दिसते. बेसकडची ठेवली तर आरशातली प्रतिमा मिळते. वॉटर बाथवरून सेक्शन उलटा उचलला तरी तेच. प्रोस्टेट दोन्ही बाजूंनी इतकी सारखी असते की आरशातली प्रतिमाही डाइस ०.९५ देऊन जाते. फक्त शाईचा रंग खरं सांगतो. प्रत्येक स्लाइडवर उजवीकडचा रंग उजवीकडेच आहे ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि फेस करताना किती मायक्रॉन गेले ते मायक्रोटोमच्या (पातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या) काउंटरवरून लिहायला टेक्निशियनला सांगा. ४ मिमीच्या चकतीतून तुम्हाला ४ मायक्रॉनचा एक पापुद्रा मिळतो, हजारातला एक भाग. तो वरच्या कडेपासून ०.३ मिमीवर आहे की १ मिमीवर, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

---

तीन_टेस्ला

आकसण्याबद्दल: फॉर्मॅलिनमध्ये लांबी साधारण ४-५ टक्क्यांनी घटते. पुढे अल्कोहोल, झायलीन आणि पॅराफिनमध्ये आणखी घट, मग वॉटर बाथवर सेक्शन पुन्हा थोडा पसरतो. एकच गुणक सगळ्यांना लावू नका. समजा एमआरआयवर रुंदी ४८ मिमी, चकतीच्या फोटोत ४६, स्लाइडवर ४२. या तीन आकड्यांतून त्याच पेशंटचे त्याच चकतीचे दोन वेगळे गुणक मिळतात. तेच वापरायचे.

पण खोलीच्या दिशेने हा हिशेब सगळे विसरतात. तुमची ४ मिमीची चकती ही आकसलेल्या ग्रंथीची ४ मिमी आहे. शरीरात तीच जाडी ४.२ मिमीच्या आसपास होती. एका चकतीला ०.२ मिमी म्हणजे काहीच नाही वाटतं, पण दहाव्या चकतीपर्यंत जवळजवळ २ मिमी जमा होतात.

एमआरआयच्या बाजूने चार गोष्टी तपासा. एक, टी२ अक्षीय खरंच कुठल्या कोनात घेतलंय. सरळ अक्षीय की रेक्टमच्या भिंतीला काटकोनात तिरपं? हेडरमधल्या दिशांच्या आकड्यांवरून कळतं. पॅथॉलॉजीत रेक्टमच्या पृष्ठभागाला काटकोनात कापतात, त्यामुळे तिरपं घेतलेलं असेल तर दोन्ही पातळ्या जवळ येतात. पुढच्या पेशंटांसाठी एक त्रिमितीय टी२ सीक्वेन्सही मागा. साधारण १ मिमीचा समघन व्हॉक्सेल असेल तर एमआरआय हव्या त्या पातळीत पुन्हा कापता येतो. ०.४ बाय ०.४ बाय ३ मिमीचा डेटा १० अंश फिरवून कापलात तर पायऱ्या दिसतात, टिश्यू दिसत नाही.

दोन, बायॉप्सी आणि एमआरआय यांत किती दिवस गेले? निदान सहा आठवडे गेले नसतील तर रक्तस्राव टी१ वर पांढरा आणि टी२ वर काळपट दिसतो. असा डाग गाठीसारखाच भासतो आणि तीव्रतेवर चालणारी जुळवणी त्याच्याकडे ओढली जाते. टी१ उघडून बघाच.

तीन, एंडोरेक्टल कॉइल (गुदाशयात ठेवायची एमआरआयची कॉइल). कॉइलच्या फुग्याने ग्रंथी मागून दाबली जाते, पेरिफेरल झोन पातळ पट्टीसारखा होतो. काढलेल्या ग्रंथीवर असा दाब नसतो. अशा केस साध्या केसच्या सेटिंगवर चालवू नका.

चार, बाह्यरेषा. रेडिओलॉजिस्ट कॅप्सूल (ग्रंथीचं आवरण) आखतो. सर्जनने काढलेल्या तुकड्याबरोबर मात्र चरबी, न्यूरोव्हॅस्क्युलर बंडलचा भाग, ब्लॅडर नेकचा कॉलर येतो. स्लाइडवर सगळ्या टिश्यूचा मास्क (प्रतिमेवर आखलेला भाग) आपोआप काढलात तर मागे-बाजूला ३-४ मिमीची चरबी कॅप्सूलच्या आत कोंबली जाते, आणि बाह्यरेषा छान जुळताना आतलं सगळं पुढे सरकतं. पेरिफेरल झोनची गाठ ट्रान्झिशन झोनमध्ये जाण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण. स्लाइडवरही कॅप्सूलच आखा, शाईची कड नव्हे.

टी२ वर उतरवलेली हद्द एडीसी नकाशावर (पाण्याच्या हालचालीच्या डिफ्यूजन प्रतिमांवरून काढलेला) तशीच चिकटवू नका. रेक्टममध्ये गॅस असला की डिफ्यूजनची प्रतिमा फेज एन्कोडिंगच्या दिशेने ताणली जाते, नेमकी मागच्या पेरिफेरल झोनजवळ. ती जुळवणी वेगळी करावी लागते, किंवा उलट फेज दिशेची जोडप्रतिमा घेऊन ताण दुरुस्त करावा लागतो.

---

साचेकार

साच्याच्या प्रश्नाला उत्तर: पुढे येणाऱ्या पेशंटांसाठी हो. जुन्या केससाठी त्याचा उपयोग नाही, तिथे फोटोच.

ही कल्पना अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या गटाने रुळवली. पेशंटच्या स्वतःच्या एमआरआयवरून ग्रंथीच्या आकाराची पोकळी करायची, आणि तिच्यात एमआरआयच्या स्लाइसच्याच पातळीत सुरीसाठी खाचा ठेवायच्या. ग्रंथी पोकळीत बसली की कापाची पातळी आणि स्लाइसची पातळी आपोआप एक. ग्रॉसिंग_टेबल यांनी सांगितलेला १० अंशांचा कल इथे मुळातच संपतो.

करायचं असं. टी२ वर ग्रंथीची बाह्यरेषा थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये आखा. ३ मिमीच्या स्लाइसमुळे मॉडेलला जिन्यासारख्या पायऱ्या येतात, म्हणून आधी ०.५ मिमी समघन ग्रिडवर आणून मग गुळगुळीत करा. गुळगुळीत करताना आकारमान घटतं, आधीचं आणि नंतरचं घनफळ ताडून पाहा. ग्रंथीभोवती ठोकळा घ्या, त्यातून ग्रंथी वजा करा, ठोकळ्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करा. खाचा एमआरआयच्या स्लाइसच्या मध्यपातळीवर. दर स्लाइसला ३ मिमीवर खाच ठेवली तर चकती हाताळता येत नाही, फाटते. एकाआड एक म्हणजे ६ मिमी ठेवली तर मधली माहिती जाते. लॅबला ६ मिमीची चकती कॅसेटमध्ये बसवता येत नसेल तर ती आधी मधोमध चिरावी लागते. हे पॅथॉलॉजिस्टशी आधी बोलून ठरवा, निदानाला लागणारे ब्लॉक कमी होता कामा नयेत.

खाचेची रुंदी पात्याच्या जाडीपेक्षा थोडीशीच जास्त. खाच सैल झाली की पातं कलतं आणि साच्याचा उद्देशच बुडतो. लांब, सरळ, पातळ पातं घ्या आणि एकाच ओढीत कापा. करवतीसारखं पुढे-मागे केलं की चकतीला लाटा पडतात.

पोकळी किती मापाची? फिक्स झालेली ग्रंथी आकसलेली असते, एमआरआयच्या मापाच्या पोकळीत ती खुळखुळते आणि फिरते. लांबीत साधारण ९५ टक्के मापाचा एक आणि पूर्ण मापाचा एक असे दोन साचे छापून ठेवा, जो घट्ट बसेल तो घ्या. पण ९५ टक्क्यांच्या साच्यात खाचांमधलं अंतरही त्याच प्रमाणात कमी करायचं असतं. संपूर्ण मॉडेल एकदम लहान केलं तर ते आपोआप होतं, नुसती पोकळी लहान केली तर होत नाही. सेमिनल व्हेसिकल्ससाठी वरच्या बाजूला मोकळी जागा हवी, नाहीतर ग्रंथी खाली ढकलली जाते. मूत्रमार्गासाठी दोन्ही टोकांना भोक ठेवा. त्यातून बारीक कॅथेटर ओवला की ग्रंथी स्वतःभोवती फिरत नाही.

साचा ऑपरेशनच्या आधी तयार पाहिजे. आखणी, तपासणी आणि कित्येक तासांचं प्रिंट धरून तीन दिवस हाताशी ठेवा. साच्याच्या बाहेर पेशंटचा अभ्यास क्रमांक, उजवी-डावी आणि एपेक्स-बेस उठावदार अक्षरांत छापा. ठोकळा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि घाईच्या टेबलावर तो उलटा धरला जाऊ शकतो.

साच्याशिवाय दुसरा रस्ता म्हणजे काढलेल्या ग्रंथीचाच एमआरआय. कॅनडात ओंटारियोमधल्या लंडनच्या गटाने ग्रंथीला एमआरआय आणि स्लाइड दोन्हीत दिसणाऱ्या धाग्यासारख्या खुणा लावून हे केलं. स्लाइड ते काढलेल्या ग्रंथीचा एमआरआय ही चूक त्यांनी ०.७ मिमीच्या घरात आणली, आणि शरीरातल्या एमआरआयपर्यंत गेल्यावर ती १.१ मिमी होती. अचूकतेत याला तोड नाही, पण दर ग्रंथीला एमआरआय मशीनचा वेळ आणि सरावलेला माणूस लागतो.

---

ग्रिडपॉइंट

आता कॉम्प्युटरचा भाग. आधी तुमच्या जेपेगकडे बघू.

२०एक्स म्हणजे साधारण ०.५ मायक्रॉनचा पिक्सेल. ५० बाय ४० मिमीची चकती एक लाख बाय ऐंशी हजार पिक्सेलची होते, न दाबता २४ जीबी. एमआरआयवर तीच चकती १२५ बाय १०० पिक्सेलची. प्रत्येक दिशेला ८०० पटीचा फरक. एवढं लहान करताना नुसते पिक्सेल वगळले तर ग्रंथींची नक्षी खोटे पट्टे तयार करते. मूळ फाइलच्या पिरॅमिडमधून (एकाच स्लाइडच्या कमी-जास्त बारीक प्रतींमधून) साधारण १६ मायक्रॉनची पातळी ओपनस्लाइड या सॉफ्टवेअरने उघडा, गाउसियनने मऊ करा, मग ०.१ मिमीवर आणा. जुळवणी ०.१ मिमीवर करा, त्याहून बारीक काही मिळत नाही.

जेपेग केलं की पिक्सेलचं माप फाइलमधून जातं. चार तुकडे वेगवेगळ्या पातळ्यांवरून काढले गेले असतील तर एक तुकडा दुप्पट किंवा ताणून बसवलेला असू शकतो, आणि अफाइन ते मुकाट्याने पचवतं. टिफ ठेवा आणि मायक्रॉनचा आकडा प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत लिहा. त्याच वेळी स्लाइडच्या लेबलची प्रतिमा फाइलमधून काढून टाका. तिच्यावर पेशंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक असतो आणि फाइलचं नाव बदलल्याने तो जात नाही.

कुठली चकती कुठे याचं उत्तर: प्रत्येक चकतीला सुटी स्लाइस निवडू देऊ नका. खोली ही एक सरळ रेषा आहे: पहिल्या चकतीची जागा, अधिक चकतीचा क्रमांक गुणिले खरी जाडी. फक्त दोन अज्ञात. कल धरायचा असेल तर आणखी दोन कोन. खात्रीच्या तीन-चार चकत्या शोधा. व्हेरुमोन्टॅनम (मूत्रमार्गाच्या मागच्या भिंतीवरचा उंचवटा) जिथे मूत्रमार्गाला चंद्रकोरीचा आकार देतं ती पातळी, इजॅक्युलेटरी डक्ट (वीर्य नेणाऱ्या नळ्या) मूत्रमार्गात उघडतात ती, एखादी ठळक बीपीएचची (ग्रंथीच्या कॅन्सर नसलेल्या वाढीची) गाठ सुरू होते ती आणि संपते ती. या चार बिंदूंतून रेषा काढा. चढ ४.० ते ४.४ मिमीच्या दरम्यान आला तर मामला बरोबर आहे. ३.२ किंवा ५.१ आला तर एखादी चकती हरवली आहे किंवा क्रम उलटा आहे. एकच बिंदू रेषेपासून दूर असेल तर ती चकती पाचरीसारखी कापली गेली आहे, फोटो बघा.

मेट्रिक. एच अँड ईचा रंग आणि टी२ची तीव्रता यांचं नातं सगळीकडे एकसारखं नाही. पेरिफेरल झोनमध्ये मोकळ्या ग्रंथी टी२वर पांढऱ्या, कॅन्सर काळा, पण पुढचा फायब्रोमस्क्युलर स्ट्रोमाही काळाच आणि स्ट्रोमल बीपीएचही काळंच. स्लाइडवर मात्र तिन्ही वेगवेगळे दिसतात. म्यूच्युअल इन्फर्मेशनला एवढ्या थोड्या पिक्सेलमधून, १२५ बाय १०० मधून, हे नातं उलगडत नाही. हिस्टोग्राम विरळ पडतो. शेजारच्या रचनेवर चालणारा माइंडसारखा डिस्क्रिप्टर बरा चालतो. पण तुमच्या डेटावर पहिला टप्पा मी तीव्रतेवर करणारच नाही. कॅप्सूल, ट्रान्झिशन झोनची हद्द आणि मूत्रमार्ग असे तीन मास्क दोन्हीकडे आखा आणि मास्कवरच अफाइन करा. झोनची हद्द दिली की आतला भाग धरला जातो. नुसती बाह्यरेषा दिली तर आतलं काहीही कुठेही जाऊ शकतं. तुमचा ०.९६ त्यातूनच आलाय.

बी-स्प्लाइनचं ५ मिमीचं ग्रिड फार बारीक आहे. ४५ मिमीच्या ग्रंथीत एका दिशेला नऊ-दहा बिंदू, म्हणजे जवळपास दोनशे आकडे, आणि त्यांना धरून ठेवायला फक्त कड. १२-१५ मिमीवर जा, बेंडिंग एनर्जीची (जास्त वाकण्याबद्दलची) पेनल्टी लावा, आणि जॅकोबियनचा (प्रत्येक जागी टिश्यू किती ताणला किंवा आकसला याचा) नकाशा काढा. शून्याखाली कुठे गेलं तर टिश्यूची घडी पडली आहे, ती जुळवणी फेकून द्या. ०.७ ते १.३ च्या बाहेरचे डाग दिसले तर त्या जागी स्लाइड फाटली किंवा दुमडली आहे का ते बघा.

आणि दोन सापळे. इलॅस्टिक्सचं रूपांतर स्थिर प्रतिमेकडून सरकणाऱ्या प्रतिमेकडे जातं. प्रतिमा वाकवताना ते बरोबर दिसतं. पण स्लाइडवरच्या खुणांचे बिंदू त्याच फाइलमधून नेलेत तर ते उलट्या दिशेने सरकतात. एमआरआय स्थिर ठेवला असेल तर एमआरआयचे बिंदू स्लाइडवर नेऊन तिथे अंतर मोजा, किंवा व्यस्त रूपांतर काढा. दुसरा सापळा: डायकॉम आणि आयटीके डावा-मागचा-वरचा अक्ष धरतात, थ्रीडी स्लायसर उजवा-पुढचा-वरचा. बिंदू एकातून दुसऱ्यात हाताने नेताना पहिले दोन आकडे उलट चिन्हाचे होतात आणि बिंदू अक्षीय पातळीत १८० अंश फिरतात. कॅन्सरच्या मास्कला इंटरपोलेशन निअरेस्ट नेबर द्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या पिक्सेलचंच मूल्य.

तयार साधनांपैकी स्टॅनफर्डच्या गटाचं २०२० मधलं रॅप्सोडी आणि त्यानंतरचं २०२१ मधलं डीप लर्निंगवरचं प्रॉसरेगनेट बघा. रॅप्सोडीत बाह्यरेषेचा डाइस ०.९७-०.९८ असूनही आतल्या खुणांची चूक ३ मिमीच्या आसपास राहते, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. स्वतःची पद्धत आधी खुल्या डेटावर चालवून बघायची असेल तर कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८ पेशंटांचा एमआरआय-पॅथॉलॉजी संच आहे. त्यातल्या स्लाइडही तुमच्यासारख्या चार-चार तुकड्यांतच आहेत.

---

छेद_आणि_छाया

मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने एक केस तपासली. दोन चकत्यांवर शाई उलट बाजूला होती, म्हणजे आरशातली प्रतिमा. एका चकतीचा डावा-मागचा तुकडा वेगळ्या पातळीवरून निघालेला होता. व्हेरुमोन्टॅनम आणि दोन बीपीएच गाठी धरून खोलीची रेषा काढली तर चढ ४.३ मिमी आला, म्हणजे आधी शेवटच्या तीन चकत्या आम्ही एक स्लाइस वर बसवत होतो. तीन मास्क आणि १५ मिमी ग्रिडवर मूत्रमार्गाची चूक आता २ ते ३ मिमी आहे.

यापुढे ती फारशी कमी होईल असं वाटत नाही. मग ३ मिमीची चूक धरून लेबल वापरायचं कसं? आणि लिहिताना कुठला आकडा द्यायचा?

---

ग्रिडपॉइंट

३ मिमीचा अर्थ गाठीच्या मापावर अवलंबून आहे. १० मिमी व्यासाचं वर्तुळ ३ मिमी सरकलं की स्वतःच्या मूळ जागेशी त्याचा डाइस फक्त ०.६२ राहतो. २ मिमी सरकलं तर ०.७५. तोच १० मिमीचा गोळा, म्हणजे साधारण अर्धा सीसी, त्रिमितीत ३ मिमी सरकला तर ०.५६. तेव्हा तुमच्या मॉडेलने १० मिमीच्या गाठीवर ०.६ डाइस दिला तर ती चूक मॉडेलची की लेबलची, हे सांगताच येणार नाही. गाठीच्या मापानुसार हे आकडे निकालांच्या शेजारीच छापा.

लेबल वापरताना हद्दीच्या दोन्ही बाजूंना ३ मिमीची पट्टी लॉसमधून (मॉडेल शिकवताना मोजल्या जाणाऱ्या चुकीतून) वगळा. १० मिमीच्या गाठीचा ४ मिमीचा गाभा उरतो, ०.४ मिमीच्या पिक्सेलमध्ये दहा पिक्सेल रुंद. तेवढं शिकायला पुरतं. ६ मिमीहून लहान गाठीचा गाभाच उरत नाही. तिथे पिक्सेलचं लेबल देऊ नका, सेक्स्टंट (ग्रंथीच्या सहा भागांपैकी एक) किंवा झोन एवढंच नोंदवा.

चूक मोजायला जुळवणीत न वापरलेल्या खुणा हव्यात. मूत्रमार्ग तुम्ही मास्क म्हणून दिलाय, त्यामुळे तो आता परीक्षक होऊ शकत नाही. लहान सिस्ट, कॅल्सिफिकेशनची पोकळी, बीपीएच गाठीची कड अशा प्रत्येक चकतीला निदान तीन, आणि त्यांतली एक तरी पेरिफेरल झोनमध्ये, कारण कॅन्सर बहुतेक तिथेच असतो. मध्यक, सर्वांत मोठी चूक आणि एपेक्स-मध्य-बेस अशी विभागणी, तिन्ही द्या. सरासरी एकटी देऊ नका, टोकाच्या चकत्यांवरची वाईट चूक तिच्यात लपते.

---

ग्रॉसिंग_टेबल

खुणा दोघांनी स्वतंत्रपणे लावा, एक पॅथॉलॉजिस्ट आणि एक रेडिओलॉजिस्ट, एकमेकांचं न बघता, आणि काही आठवड्यांनी त्यांतल्या काही पुन्हा. दोघांत १.५ मिमीचा फरक पडत असेल तर १.२ मिमीची चूक मिळवल्याचा दावा करता येत नाही.

आखणीबद्दलही एक मागणं. पॅथॉलॉजिस्टला फक्त बाहेरची रेघ मारायला सांगू नका. दाट गाठ आणि चांगल्या ग्रंथींमध्ये विरळ पसरलेला कॅन्सर वेगवेगळ्या रंगांत आखून घ्या, ग्लीसन पॅटर्न ४ (कॅन्सरच्या आक्रमकतेची एक श्रेणी) आणि त्यातला क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारखा दिसणारा) वेगळा. विरळ पसरलेला भाग टी२वर बहुधा दिसतच नाही, त्यामुळे स्लाइडवरची हद्द एमआरआयवरच्या डागापेक्षा मोठी निघणं हे अपेक्षितच आहे. हे वेगळं नोंदवलं नसेल तर तो फरक जुळवणीची चूक समजून कुणीतरी हद्द डागाकडे ओढत बसेल, आणि ज्यासाठी स्लाइडपर्यंत आलो तीच माहिती पुसली जाईल.